इंजिनाला बांधलेलं ओलं गोणपाट

जरा फोन कानाला घट्ट लाव गं पोरी. तुझ्यावर रागवायचंय, पण हळू आवाजात, तुझ्या सासूला ऐकू जायला नको. परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, "मावशी, मशीन तापलं म्हणून फडक्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं, तर पाणी पार शेडाच्या पत्र्याला लागलं!" तुला मजा वाटली. मला मात्र नाही वाटली. असंच झाकण उघडताना तुझ्या काकांचा डोळा जाता जाता राहिला, हे तुला कुणी सांगितलंच नाही. आम्हीच लाजेपायी दडवून ठेवलं.

तुम्ही शिनोलीला चिकूच्या बागेसाठी घेतलंत ना, तसलंच गवत कापायचं मशीन आमच्याकडं आहे. डिझेलवरचं, वर बसून चालवायचं, पोटाखाली पाती फिरतात. ओतूरच्या रस्त्याला आमचं लग्नाचं लॉन आहे, त्यासाठी घेतलं. काकांचे गुडघे दुखतात, म्हणून चालवते मी. पहिल्या दिवशी रस्त्यावरचा एकजण ओरडला, "आजी, मंचरला बाजाराला निघालात का?" मी म्हणलं, "मागं सीट असती तर तुलापण नेला असता."

तर तो दिवस एप्रिलातला. काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालेले. डॉक्टरांनी बजावलेलं, वाकायचं नाही, डोळ्याला धक्का नाही, पाणी नाही. चार वाजता लॉनवर हळद. आदल्या दिवशी डिझेल संपलं होतं, ते येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मांडववाला खुर्च्यांचा टेम्पो घेऊन फाटकात उभा आणि अर्धं लॉन कापायचं राहिलेलं.

मशीन आठवडाभर तापत होतं. मला वाटलं, यात काय अवघड आहे? माठाला आपण ओलं फडकं गुंडाळतो, पाणी गार राहतं. मी कांद्याचं गोणपाट हौदात बुडवलं आणि इंजिनाच्या पुढच्या जाळीवर सुतळीनं घट्ट बांधलं. वर स्वतःवरच खूश. पहिले दोन फेरे तापमानाचा काटा जागेवर होता. तिसऱ्याला चढायला लागला. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, कारण मांडववाला घड्याळ दाखवत होता. चौथ्या फेऱ्यात काटा लाल पट्ट्यात गेला, वाफ निघाली, मी इंजिन बंद करून उतरले.

मी सुतळी सोडायला खाली वाकले तेवढ्यात काका बादली घेऊन आले. "आतलं पाणी संपलं असंल. वत थोडं."

"अहो, थांबा जरा. मेस्तरींना फोन लावते."

"मेस्तरी कवा यायचा? पावणं आलं का मग त्यांना म्हशीसारखं गवतात बसवू?"

बोलता बोलता खांद्यावरचा टॉवेल त्यांनी झाकणावर टाकलासुद्धा. मी वर बघितलं, तर तोंड बरोब्बर झाकणावर. काळा चष्मा कपाळावर चढवलेला, नीट दिसावं म्हणून. झाकण फिरलं आणि कुकरसारखा फस्सकन आवाज झाला. मी मागनं त्यांचा सदरा धरला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढला. दोघंही गवतात उताणे पडलो. उकळतं पाणी माणसाच्या उंचीएवढं उडालं.

ते उठेनात. उजव्या डोळ्यावर हात दाबून धरलेला, त्या हाताची कातडी मनगटापासून लाल झालेली.

"हात काढा."

"न्हाई."

"अहो, हात काढा म्हणते ना! बघू द्या मला."

"काढला आन दिसलं न्हाई तर?"

एवढ्या वर्षांत हा माणूस घाबरलेला मी कधी बघितला नव्हता. मी हात धरला, पण ओढायची माझीही छाती होईना. मांडववाल्यानं नळाची पाइप आणली आणि भाजलेल्या हातावर गार पाणी सोडलं. डोळ्यात थेंब जाऊ नये म्हणून मी पदर आडवा धरला. लई वेळानं त्यांनी बोटं उघडली.

"काय दिसतंय?"

"तुझं नाक. लालबुंद झालंय."

मग मला रडू फुटलं. डॉक्टरांनी तपासून डोळा शाबूत असल्याचं सांगेपर्यंत मी त्यांचा सदरा सोडलाच नव्हता.

इंजिन निवल्यावर जुन्नरचे मेस्तरी आले. गोणपाट बघून म्हणाले, "काकू, एप्रिलात इंजिनाला स्वेटर घातलाय व्हय?" मग सुतळी कापून दाखवलं. आतली सगळी जाळी गवताच्या भुशानं बुजलेली, आणि माझ्या ओल्या गोणपाटानं त्या भुशाचं लिंपण झालेलं. "पंखा इथनं वारा ओढतो. तुमी त्याचं नाकच दाबलं. माठ तरी गार कशानं ऱ्हातो? वाऱ्यानंच ना?" आत बोअरचं पाणी घालत होतो त्यावरही बोलणी खाल्ली, त्याचे क्षार धरतात, इंजिन गार ठेवायचं कूलंटच घालायचं म्हणाले.

हळद झाली, अर्ध्या कापलेल्या लॉनवर. कुणी गवताला नावं ठेवली नाहीत. नवरीच्या आईनं उलट काकांच्या हाताला काय झालं ते विचारलं. काका म्हणाले, "च्या सांडला."

आता मी सकाळी दव वाळलं की कापते. दोन फेऱ्यांनी इंजिन बंद करून जाळी झाडते. काटा जरा हलला की पाती बंद, मशीन सावलीत, थोडा वेळ हळू चालू ठेवून मग बंद. आणि झाकण? हात लावून इंजिन पार गार लागेपर्यंत कुणीही त्याच्या जवळ जायचं नाही, काकांनी तर नाहीच.

जाळी कशी सोडवायची, आतल्या बाजूनं हवा मारून भुसा कसा काढायचा, हे फोनवर कळायचं नाही गं. काकांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा डाग आहे, तोही तू डोळ्यांनी बघ. हे असलं तुझ्या तोंडावर मला नकोय. येत्या रविवारी घोडेगावहून जुन्नरची एसटी धर, सासूला सांग मावशीनं बोलावलंय. तोवर मशीन शेडात उभंच राहू दे, बाग काही पळून जात नाही. पण तू लवकर ये.