काचेवरचे पांढरे डाग

समूहातील मित्रहो, आज मी सूड घेतला आणि त्याचा मला यत्किंचितही खेद नाही.

कागल एमआयडीसीतील एका इलेक्ट्रॉनिक कारखान्यात मी खरेदी पाहतो. सर्किट बोर्डांवरचा सोल्डरिंगचा चिकटा धुण्याचे आमचे जुने द्रावक ओझोनला घातक म्हणून बंद झाले. पर्याय म्हणून मी पाण्यात मिसळणारे क्लीनर आणले. चाचणीत बोर्डांवर पांढरे डाग उमटले. उत्पादनप्रमुख सर्वांदेखत म्हणाले, "बीकॉमवाल्यानं बिलं बघावीत की! केमिस्ट्री कशाला?"

आज ग्राहकाचे निरीक्षक आले होते. त्यांच्यासमोर माझे क्लीनर कायमचे बाद व्हायचे होते. मी एक स्वच्छ काच घेतली. बोर्ड ज्या बोअरच्या पाण्याने विसळले होते, त्याचे चार थेंब तिच्यावर टाकले आणि ती गरम हवेखाली धरली. बोर्ड नाही, क्लीनर नाही. तरी डाग तेच.

"क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यानेच विसळावे, हे मी लेखी कळवले होते," मी म्हणालो.

धुलाईवरच्या शांताबाई मागून म्हणाल्या, "म्या तवाच म्हणलं हुतं, सायेब! ह्या पाण्यानं माझी किटलीबी पांढरी हुतीया."

निरीक्षकांना हसू आवरेना. क्लीनर मंजूर झाले.

दुपारी उत्पादनप्रमुख स्वतः चहा घेऊन आले. "जाऊ द्या की ओ, झालं गेलं."

चहा मी परत पाठवला. काच त्यांच्या टेबलावर ठेवली आहे आणि ती पुसू नये, अशी सूचना या वेळीही लेखीच दिली आहे.

आपण असता, तर तो चहा घेतला असता का?