वहिनीने केलेलं माहेरपण

गाडीत बसण्याआधी वहिनीने माझी ओटी भरली. डोक्याला स्कार्फ, चेहरा ओढलेला, आणि हातात खण-नारळ. मी नमस्काराला वाकले तर मलाच उठवून म्हणाली, "वन्सं, दिवाळीला या. तवा मी धडधाकट आसंन." तासगावजवळच्या आमच्या मळ्यातून मी आधी पुण्याला कॉलेजसाठी निघाले, मग लग्न होऊन, मग थेट जर्मनीला. दरवेळी डोळे भरतात. यावेळी मात्र रडतानाही आत एक समाधान होतं, की आपण वेळेला धावून आलो.

कारण मी आले होते वहिनीच्या आजारपणासाठी. तिच्या छातीत गाठ निघाली, मिरजेला केमो सुरू झाली, आणि मी बॉसशी भांडून रजा मिळवली. तिसरा डोस मी असतानाच होता. मी तिच्याजवळ बसणार, उलटीला भांडं धरणार, असं ऑफिसात सगळ्यांना सांगून आले होते. डोसच्या आदल्या दिवशी दादा, माझा थोरला भाऊ, मिरजेहून आला आणि म्हणाला, "रक्तात पेशी कमी आल्यात. डॉक्टर म्हणत्यात, थांबा." मग आम्ही थांबलो.

थांबून मी काय केलं? माहेरपण उपभोगलं. आई म्हणायची, "लेक चार दिसांसाठी येती, तिला चुलीकडं वळू द्यायचं न्हाई." आई गेली, पण वहिनीने तो कायदा चालू ठेवलाय. जर्मनीत मी डिशवॉशर लावते, कचरा चार डब्यांत वेगळा करते, ताप आला तरी स्वतःचं सूप स्वतः गरम करते. माहेरी तव्यावरची पुरणपोळी थेट ताटात. भांड्यांना हात लावला की वहिनी घासणी काढून घ्यायची. एका दुपारी "लय वाळलाय वन्सं" म्हणत तिने माझ्या डोक्याला तेल लावलं. तिच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता आणि ती माझा गुंता सोडवत होती. मला लाज वाटायला हवी होती. मला झोप लागली.

परतताना कराडजवळ चहाला थांबलो, तेव्हा दादा सहज बोलल्यासारखं बोलला, "परवा हिला डोसला न्यायचंय."

"पेशी वाढल्या का?"

त्याने कप खाली ठेवला. "पेशी ठीकच व्हत्या गं. ही ऐकंना. म्हणली, वन्सं एवढ्या लांबनं येत्यात, मी हातरुणात पडले तर त्यांचं कोण करणार. डॉक्टर रागावलं, पर हिनं पुढं ढकलाय लावलाच."

औषध लांबवून तिने मला वाढलं होतं. गाडी तिथूनच मागे वळवता आली असती. बॉस चिडला असता, एवढंच. मी म्हणाले, "चल दादा, चेक-इनला उशीर होईल."

डोसला वहिनीबरोबर शेजारच्या काकी गेल्या. भांडं त्यांनी धरलं. मी तेव्हा मीटिंगमध्ये होते. ऑफिसातल्या एकीने विचारलं, तुझी घरी मदत झाली ना? मी हो म्हणाले. लांबल्याने फार फरक पडणार नाही, असं डॉक्टर दादाला म्हणाले. त्यातला 'फार' मला अजून टोचतो.

इथे जर्मनीत आपली माणसं जमली की सगळे कौतुकाने सांगतात, घरी गेलं की आम्हाला कुणी काडी उचलू देत नाही. मीही सांगायचे. आता गप्प बसते. तिकडच्या तुम्ही मंडळींनीही आमचे एवढे लाड करू नका, आम्हाला ते फार लवकर अंगवळणी पडतात.

परवा व्हिडिओ कॉलवर वहिनीला म्हणाले, मला सगळं कळलंय, मला माफ कर. ती हसली. "त्यात काय एवढं? तुमी किती खूश व्हता वन्सं." होतेच. लाज त्याचीच आहे.

मी म्हणाले, शेवटच्या डोसला मी येते. तर लगेच म्हणाली, "आदी तारीख सांगा हां. डॉक्टरला तसं कळवाय पायजे."

मी तारीख सांगितली नाही. तिकीट काढलंय, दादालाही बोललेले नाही. माझ्याच घरी मला आता न कळवता जावं लागणार आहे. आणि तरी मला भीती वाटते, की दार उघडताच वहिनी आधी माझ्यासाठी चहा टाकेल, आणि मी बसून तो पिईन.