हे कुणासंगं आलंय?

मास्तर चष्मा कपाळावर चढवायचे, पेन्सिलीचं टोक कागदावरच्या एका ओळीखाली टेकवायचे आणि विचारायचे, "हे कुणासंगं आलंय?"

प्रश्न नेमका कुणाला आहे ते कळायचं नाही. कधी आमच्याकडे बघून विचारायचे, बहुतेकदा कागदालाच. उत्तर सापडल्याशिवाय पेन्सिल पुढच्या ओळीवर सरकत नसे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या एका वाक्याची सगळे नक्कल करतात. आमच्याकडे चहाबरोबर खारी आली तरी कुणीतरी आवाज बदलून विचारायचं, हे कुणासंगं आलंय? त्यावर सगळ्यांत जास्त मास्तरच हसायचे.

परभणीत आमचं लहानसं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. जिनिंगवाले, दालमिलवाले, साखर कारखाने यांच्यासाठी आम्ही जावा भाषेत प्रोग्राम लिहितो. लिहितो म्हणजे सगळं काही आम्हीच लिहीत नाही. प्रोग्रामचा सांगाडा तयार मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. पावती छापायची, तारीख वाचायची, अशा कामांसाठी तयार लायब्रऱ्या मिळतात. आपण फक्त एका फाइलीत यादी करायची, की मला ही लायब्ररी हवी, ह्या व्हर्जनची हवी. मग मेव्हन नावाचं साधन ती यादी वाचून इंटरनेटवरून सगळं ओढून आणतं आणि जुळवून देतं. आमच्याकडे ही यादी मास्तरांच्या ताब्यात होती. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

नव्या पोरांना ते हे काम लग्नाच्या आवतनावरून समजावून सांगायचे. गावाकडे आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. "मेव्हन समद्यांला चूलबंदच आवतन देतंय," मास्तर सांगायचे. तुम्ही यादीत एक नाव लिहिता, ते आपलं अख्खं खटलं, म्हणजे सगळं घरदार, घेऊन येतं. त्यातल्या प्रत्येकाचं पुन्हा वेगळं खटलं. कधी एकाच नावाचे दोन पाहुणे दोन वेगळ्या घरांतून येतात, एक म्हातारा आणि एक तरणा. मेव्हन दोघांतल्या एकालाच पाटावर बसवतं, आणि ते दरवेळी योग्य माणसाला बसवेलच असं नाही. म्हणून कोण कुणासंगं आलंय हे बघावं लागतं आणि नको असलेल्याला नाव घेऊन दारातच थांबवावं लागतं.

थांबवायचं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. फाइलीत अशा प्रत्येक ठिकाणी त्यांनी मराठीत टीप लिहून ठेवलेली असे. 'हिला नाही म्हटलं आहे, कारण दुसरी आधीच आलेली आहे. हिची काही चूक नाही.' दुसऱ्या एका ठिकाणी होतं, 'ही जुनी आहे, पण राहू द्या. पावतीवाली हिच्याशिवाय चालत नाही.' आम्ही त्या टिपा मोठ्यानं वाचून चेष्टा करायचो. लायब्रऱ्यांची समजूत काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मास्तर हे नाव टायपिंगमुळे पडलं. स्टेशन रोडला त्यांची टायपिंगची संस्था होती आणि दहावीच्या सुट्टीत मीही तिथं जात होतो. चुकलं की ते ओरडत नसत. मागून येऊन आपलं बोट हलकेच उचलून योग्य कळीवर ठेवत. पुढे संगणक आले, संस्था बंद पडली. चाळिशी उलटलेल्या मास्तरांनी विशीतल्या पोरांच्या शेजारी बसून जावा शिकून घेतली. मी ऑफिस काढलं तेव्हा ते नोकरी मागायला आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी बसा म्हणेपर्यंत उभेच होते. ते आठवलं की अजून मला ओशाळल्यासारखं होतं.

त्यांची बायको लग्नानंतर चार वर्षांत गेली. मूलबाळ नव्हतं. एका खोलीत राहायचे. दोन पुडांच्या डब्याच्या एकाच पुडात भाजी-भाकरी आणायचे, दुसरं पूड खोलीवरच ठेवलंय म्हणायचे.

मी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीचं सांगायला त्यांच्या खोलीवर गेलो होतो. सवयीनं बोलून गेलो, "मास्तर, चूलबंद आवतन आहे बरं का." त्यांनी मागे वळून एका बर्नरच्या शेगडीकडे पाहिलं. म्हणाले, "बरं. बंद ठेवतो." त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात स्टीलचा डबा आहेर म्हणून. माझ्या सासूबाई बाहेरगावच्या, त्यांना काही ठाऊक नाही. त्यांनी पंगतीत विचारलं, घरचे नाही का आले? मास्तर पानावरची मान वर न करता म्हणाले, "आमी समदे आलोत की." मला हसू आलं होतं. सासूबाईंना काय कळलं कुणास ठाऊक, त्यांनी न विचारता आणखी एक पुरणपोळी वाढली.

यादी पडद्यावर वाचणं मास्तरांना मंजूर नव्हतं. कोण कुणासोबत आलंय याचा पूर्ण तक्ता ते प्रिंटरवर छापून घेत आणि पोलादी पट्टी ओळीखाली धरून वाचत. हळूहळू छापील अक्षर मोठं होत गेलं. तीन पानांचा तक्ता सात पानांचा झाला. पोरं म्हणायची, मास्तर आता भिंतीवर रंगवून घ्या. आम्हाला तीही त्यांची एक लहर वाटली.

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. डॉक्टर म्हणायलेत मोतीबिंदू पिकलाय, म्हणाले. दोन्ही डोळ्यांत आहे. मी म्हणालो, मग करून टाका की, आजकाल अर्ध्या तासाचं काम आहे. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, पण उघडला नाही.

"ते खरं हाय. पण सोबत एक माणूस लागतंय म्हणे."

"आणा की कुणाला तरी," मी म्हणालो. तेवढ्यात माझा फोन वाजला. बोलणं संपवून मी मान वर केली तर मास्तर जागेवर जाऊन बसले होते. पुढे दोन वर्षं हा विषय त्यांनी काढला नाही आणि मी तर विसरूनच गेलो.

त्यानंतरच्या दुसऱ्या गळीत हंगामातली गोष्ट. एका कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम आमचा होता. जुन्या फ्रेमवर्कमध्ये सुरक्षेची त्रुटी निघाली म्हणून नवं व्हर्जन घालणं भाग होतं. मास्तरांनी तक्ता छापला, दोन दिवस पट्टी धरून वाचला, शेवटच्या पानावर सही केली. आम्ही प्रोग्राम पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून फोन. वजन होतंय, पण पावती निघताना प्रोग्राम बंद पडायलाय. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती आणि फोनवरचा माणूस मला काय काय ऐकवत होता.

तासाभरानं कारण सापडलं. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जनं आली होती. नवं फ्रेमवर्कसोबत, जुनं पावतीवालीसोबत. मेव्हननं जुनंच धरलं होतं. मास्तरांच्या तक्त्यात तिसऱ्या पानावर दोन्ही ओळी स्वच्छ छापलेल्या होत्या आणि दोन्हींपुढे त्यांची बरोबरची खूण होती.

मी तो कागद सगळ्यांसमोर त्यांच्या टेबलावर टाकला. म्हणालो, "मास्तर, हे कुणासंगं आलंय ते दिसलं नाही का?"

त्यांचंच वाक्य त्यांच्याच चालीवर म्हटलेलं. पोरं सवयीनं हसली. मास्तरांनी कागद उचलला, खिडकीशी गेले, नाकाजवळ धरला, लांब धरला.

"न्हाई दिसलं," म्हणाले.

मला वाटलं चूक कबूल करताहेत. ते फक्त विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देत होते. मला तेव्हा ते ऐकू यायला हवं होतं, आलं नाही, आणि ह्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

हंगाम संपेपर्यंत ते आले. मग ताडकळसला भावाचं घर रिकामं आहे, भावाची मुलं पुण्याला असतात, तिथं जाऊन राहतो म्हणाले. निरोपसमारंभ नको म्हणाले. यादीचा छापील तक्ता माझ्याकडे देऊन "आता तुमी बघा" एवढंच म्हणाले. पोरांनी त्यांच्या जागी नवा मॉनिटर ठेवला. यादी मी बघायला लागलो आणि पहिल्यांदा कळलं की एकट्यानं बसून ते काम करताना माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं.

परवा ऑफिसातलं त्यांचं कपाट मोकळं केलं. खणात पोलादी पट्टी होती, पेन्सिलीचे तुकडे होते आणि तळाशी तो घडीचा कागद. डोळ्यांच्या दवाखान्याचा होता. येताना डोकं धुऊन यावं, सोबत एक जबाबदार व्यक्ती आणावी, अशा सूचना. तारीख ते माझ्या टेबलाशी आले होते त्या महिन्याची. खाली दोन रिकाम्या जागा, सोबत येणाऱ्याचे नाव आणि नाते. तिथं कागद घासून पातळ झाला होता. मास्तर पेन्सिल दाबून लिहायचे, खोडलं तरी वळ राहायचा. मी कागद खिडकीशी नेला आणि उजेडात तिरका धरला.

नाव माझं होतं. नात्यापुढे 'विद्यार्थी' लिहिलेलं होतं. तेही खोडलेलं होतं.

फोन लावला तर बंद लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटारसायकल काढून ताडकळसला गेलो. बाजाराचा दिवस होता, गाडी ढकलतच गल्लीपर्यंत न्यावी लागली. मास्तरांच्या दाराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर एक बाई सुपात डाळ निवडत बसली होती. तिला विचारलं.

"मास्तर व्हय? ते गेले की सकाळी. डोळ्याच्या शिबिराची जीप आलती. आपरेशन हाय त्यांचं. उद्या आणून सोडतेत म्हणे."

जीप कुठल्या गावाला गेली ते तिला सांगता आलं नाही. मी विचारलं, कुणासंगं गेले?

तिचा हात सुपात थांबला. "कुणासंगं जातेत? येकलेच गेले." मग तिनं मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. "कुठं बी जायचं असलं की सांगून जातेत, कोणी आलं तर बसवा म्हून. आजवर कोणी आलं न्हाई. तुमीच पहिले."

तिनं सूप बाजूला सारलं, उठली आणि मास्तरांच्या ओट्यावर एक पोतं अंथरलं. कुलपाकडे पाठ करून मी त्यावर बसलो.