गोल सोडून कुठं जाऊ?

या, अशा जवळ या. उंबऱ्यात उभं राहून काय ऐकू येणार तुम्हाला? एवढ्या दिवसांनी आलात आणि आल्या आल्या घड्याळ बघता! टेका जरा. मागच्या खेपेला तुम्हीच विचारलं होतं ना, अंगणातला दोडका एवढ्या थोरल्या जाळीवर कशाला चढवलाय म्हणून? ती जाळी ज्याची, त्याचंच सांगते.

“गोल माझ्या मागं हाय वहिनी. सोडून कुठं जाऊ?”

हे त्याचं ठरलेलं. जेवायला थांब म्हणा, बहिणीकडं चार दिवस जाऊन ये म्हणा, उत्तर हेच. आणि बोलता बोलता, मागं न बघता, हात मागं नेऊन खांब चाचपायचा. माझ्या स्वयंपाकघरात खांब कुठला? मग दाराची चौकट चाचपायचा. तिथला रंग उडाला होता त्याच्या बोटांनी.

आमच्या साखर कारखान्याची फुटबॉलची टीम होती, हे आता सांगितलं तर पोरं हसतात. पण होती. पगारी टीम. आमचे चेअरमन एकदा दुसरे कारखाने बघायला कोल्हापूरकडं गेले. तिथं फुटबॉलला लोटलेली माणसं बघितली आणि परत येऊन म्हणाले, “आपल्याला बी पाहिजे.” सहकारात एकानं म्हटलं की झालं. मग गड्यांना रांगेत उभं केलं. हा तेव्हा गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळायला आत टाकतात तिथं, ट्रकमधून फेकलेल्या उसाच्या मोळ्या वरच्या वर झेलायचा. चेअरमन म्हणाले, “मोळी झेलतो, तर बॉल काय चीज हाय?” असा तो गोलकीपर झाला. आमचे हे, म्हणजे माझे मालक, बॉयलरवर होते. त्यांना बॅकला घातलं, कारण ते जागचे हलायचे नाहीत.

खेळणाऱ्यांना कारखान्याच्या कॉलनीत खोल्या मिळाल्या. पत्र्याच्या, पण नळ दारात. मी तर आयुष्यात पहिल्यांदा दारातल्या नळाचं पाणी भरलं.

मैदानाच्या रेषा तोच आखायचा. उसाचा रस साफ करायला चुना लागतो ना, त्यातला उरलासुरला मागून आणायचा. पुढं दुष्काळ पडला. एक साल गेलं, दुसरं गेलं. ऊस नाही म्हणून गाळप बंद, गाळप बंद म्हणून चुनाही बंद. तर हा घमेलं घेऊन दारोदार. “वहिनी, चुलीतली राख द्या.” बाकीच्या बायांची भांडी घासायची पंचाईत व्हायची, तरी देत होत्या. राखेच्या रेषा वाऱ्यानं दुपारपर्यंत उडायच्या. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा दारात.

कारखाना बंद झाला तशी कॉलनी रिकामी करायचा हुकूम निघाला. एका ओळीला तेवढं अभय मिळालं, आमच्या खेळाडूंच्या. चेअरमननी सांगितलं, “टीम हाय तवर खोल्या हायत. जिल्ह्याच्या टीमांच्या यादीतनं नाव गेलं की बोचकं उचलायचं.” यादीत राहायचं तर वर्षाला एक तरी मॅच खेळायची, आणि अकरा गडी उभे करायचे. मोजून अकराच उरले होते. बाकी धडधाकट माणूस कोयता घेऊन दूर गेलेला. बारावा आणायचा कुठून?

अशात त्याला पत्र आलं. त्याला वाचता येत नव्हतं. मी माझ्या पोरांच्या पुस्तकांवरून शिकले होते, म्हणून माझ्याकडं घेऊन आला. कोल्हापूरच्या एका टीमनं बोलावलं होतं. त्यांच्या माणसानं याला बीडच्या मॅचला बघितलं होतं. राहायला जागा, जेवण, पगार. आठ दिवसांत हजर व्हा.

मी अक्षर न् अक्षर खरं वाचलं. दोनदा वाचलं. तो ऐकत होता आणि हात मागं, चौकटीवर.

“वहिनी, काय करू?”

मी बाहेर बघितलं. दारात नळ. त्याच्याखाली माझी घागर. पदरात तीन लेकरं.

“चहा घे,” म्हटलं मी.

एवढंच म्हटलं, बरं का.

त्याच आठवड्यात सिरसाळ्याच्या टीमबरोबर मॅच होती. मैदानावर तर जनावरांची छावणी. गोलाच्या खांबाला म्हशी बांधलेल्या. हा गेला सोडायला, तर चकलांब्याकडचा एक म्हातारा धनगर अंगावर आला. “पाऊस न्हाई, चारा न्हाई, आन् तुला खांबाचं पडलंय व्हय बे?”

“खांबाला बांधा की बाबा, मी कुठं न्हाई म्हनतो? फकस्त मधली जागा सोडा. तिथं मी उभा ऱ्हातो.”

तशीच झाली मॅच. एक म्हैस सुटून गोलापुढं येऊन उभी राहिली ती हलेचना. बॉल तिच्या पोटावर आपटून परत गेला. हा आमच्या ह्यांना ओरडला, “बघ बे, तुज्यापरीस लई बरी बॅक हाय!” सिरसाळ्याची पोरंही हसून खाली बसली. गोल कुणाचाच झाला नाही. कागदावर अकरा नावं लागली. खोल्या राहिल्या.

आठ दिवस गेले. पत्र त्यानं हातमोज्यात ठेवलं होतं. घामानं अक्षरं विरली.

पुढची कितीतरी वर्षं तो तसाच उभा. दर साली एक मॅच, दर साली अकरा. ह्यांचे गुडघे गेले तरी ते उभे राहायचे, कारण तो उभा राहायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, “त्या वक्ताला का गेला न्हाईस रे?” तो हसला. “तुमी जा म्हनला असता तर गेलो बी असतो.” आणि लगेच, “गंमत केली वहिनी. गोल माझ्या मागं हाय ना.”

गंमत होती का, हे मी अजून ठरवू शकले नाही.

मग एकदाचं धड पाऊसपाणी झालं. ऊस आला, कारखाना पुन्हा धूर सोडायला लागला. कारभारावर नवी माणसं आली. त्यांनी एका बैठकीत टीम मोडली आणि ओळ पाडून तिथं गाड्यांचा तळ केला. नव्यांना अकरा काय आणि बारा काय! आम्ही या गावठाणात आलो. तो तेव्हा पन्नाशीला टेकलेला, बायको ना लेकरू.

गाव सोडून जायच्या दिवशी गोलाची जाळी घेऊन आला. साखरेच्या पोत्यांच्या सुतळीनं जागोजाग सांधलेली. “वेल चढवा,” म्हणाला. दारात उभा होता. सवयीनं हात मागं नेला. हे घर नवं, चौकट अजून बसायची होती. हात मोकळाच फिरला, तसा एकदम वळून बघितलं त्यानं. मग हात धोतराला पुसल्यासारखं केलं आणि निघाला. पुण्याकडं कुठं तरी बंगल्याच्या फाटकावर असतो, असं ऐकते.

तुम्ही शहरात हिंडता. एखाद्या फाटकाशी उंच म्हातारा दिसला आणि मागं न बघता खांब चाचपत असला, तर थांबा जरा. त्याला सांगा, वहिनी म्हणाली, तेव्हा तुला जा म्हणायला पाहिजे होतं, माझ्या तोंडातून निघालं नाही. आता ये म्हणते. जाळीला दोडके लागलेत, जून व्हायच्या आत ये.