एस्प्लनेडच्या मशिदीबद्दल खरं काय ते

बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, निवृत्तीनंतर देशोदेशीच्या मशिदी पाहत हिंडतो. आफ्रिकेतली मातीची, भिंतींतून लाकडं बाहेर आलेली. चीनमधली पॅगोड्यासारख्या छपराची. इराणमधली निळ्या फरशांची. त्याचे फोटो आले की बायको चष्मा पुसून पाहायची आणि म्हणायची, "बघा, याला म्हणतात नजर!" मी बदलीवर कोलकात्यात आलो तो इथेच राहिलो. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात तो आमच्याकडे आला. शहराच्या मध्यावरच्या एस्प्लनेड भागात, कोपऱ्यावरची मशीद आणि तिचे घुमट पाहून फुटपाथवरच थबकला. "साडूभाऊ, आत जाऊ या की!"

माझं ऑफिस तिथून जवळच होतं, पण मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. निदान ही तरी त्याला मिळू नये, असं वाटलं. "बाहेरच्यांना सोडत नाहीत," मी ठोकून दिलं. तो मुकाट्याने परत फिरला.

ते खोटं होतं. परवा मी एकटाच गेलो. चपला काढल्या, कोणी अडवलं नाही. आत कमानीमागे कमान, आणि बसगाड्यांचा गोंगाट जणू दाराशीच थांबलेला. हे दाखवावं असा एकच माणूस आठवला. त्याला फोन करून खरं सांगितलं.

तो हसला. "अहो, दारातले चाचा मला हात करून बोलावत होते! तुमचा चेहरा पाहिला आणि मागे फिरलो."

म्हणजे तिथेही तोच मोठा ठरला.