लव्हेंडरचा खोडवा

आमच्या गॅलरीतलं लव्हेंडरचं एक झाड लातूरच्या पाण्यानं गेलं, असं घरात सगळे धरून चालले होते. ते मी मारलं. निदान मला तसं वाटतं. नक्की काय झालं, ते अजून माझ्या डोक्यात नीट बसत नाही.

सून नांदेडची. रोपवाटिकेतून तिनं दोन कुंड्या आणल्या होत्या. थंडी सरताना जांभळे तुरे आले, मग वाळले. माहेरी जाताना ती म्हणाली, "मामा, वाळलेले तुरे अन् जरासा शेंडा तेवढा छाटा. खाली हिरवं राहू द्या."

माझा जन्म किल्लारीकडं उसात गेला. ऊस तुटला की बुडखे जमिनीबरोबर तासायचे. मग मातीतले डोळे फुटतात आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवरचा दुसरा ऊस, जोमानं येतो. वर बुडखा ठेवला तर फुटवा कमजोर. त्यामुळं सुनेचं सांगणं मला पोरखेळ वाटलं. मी कोयत्यानं एक झाड मातीलगत घेतलं. दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात बायकोनं चहाला हाक मारली, म्हणून ते राहिलं.

रोज पाणी घातलं. एक डोळा फुटेना. खोड आतून लाकूड झालेलं होतं, हे कापतानाच हाताला कळलं होतं. तरी वाट बघत बसलो.

सून परत आली, कुंडीपाशी उकिडवी बसली. मी म्हणालो, "वाळलं होतं, म्हणून तोडून टाकलं."

बायको म्हणाली, "तुळस जगंना हितं, अन् तुझे हे परदेशी पावणे कुठं जगायलेत."

"बोरचं पाणीच लई जड हाय आपलं," सून म्हणाली. मी मान डोलावली.

का डोलावली, कोण जाणे. ती काही रागावणारी नव्हे.

तेव्हापासून ती दुसऱ्या झाडाला प्यायचं पाणी घालायची आणि आधीच अशक्त झालंय म्हणून कात्री लावू द्यायची नाही. फुलून गेल्यावरही छाटलं नाही, त्यामुळं ते लांबत गेलं, मधोमध फाकलं, खालून उघडं पडलं. मी मोबाइलवर छाटणीचे व्हिडिओ बघत होतो. एक म्हणतो फुलं झाल्यावर, दुसरा म्हणतो पावसाआधी. एक तिसरा हिस्सा कापतो, एक निम्मं. लाकडात जाऊ नका, एवढंच सगळे म्हणतात.

परवा ती कुंडीला पोतं गुंडाळत होती. नांदेडला भावाकडं पाठवणार होती. इथलं पाणी सोसत नाही म्हणून.

"पाण्यानं नाही गेलं ते," मी म्हणालो. "जितं होतं. मी उसावानी तासलं."

तिनं पोत्याची अर्धी मारलेली गाठ तशीच धरली. मग म्हणाली, "अन् मी वर्षभर फिल्टरचं पाणी वाहून राहिले."

"हाव."

तिनं पोतं सोडलं, आतून कात्री आणली आणि माझ्या हातात दिली. मला वाटलं, चिडून देतेय. तसं नसावं. पण तोंडावरून काही कळेना.

"हिरवं कुठं संपतंय, बघा," ती म्हणाली.

मी चष्मा पुसून बघितलं. त्या झाडाचं हिरवंही राखाडीच. एका फांदीवर बोट ठेवलं.

"हितं?"

"वर. अजून वर, मामा."


तिनं फांदीवर नख टेकवलं, आणि मी नखाच्या वर कापलं.