हळदीत वाजलेले स्पीकर

मघाशी मिक्सरची मोटर जळाल्याचा वास आला आणि चुलतबहिणीची हळद आठवली. वर्षभर पैसे साठवून मी एक जुना अॅम्प्लिफायर आणि पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन स्पीकर जमवले होते, नवीन पनवेलच्या माझ्या खोलीत एकट्याने ऐकायला. काकांनी ते पाहिले आणि गावभर सांगून टाकलं, "आपल्या पोराकडं साऊंड हाय, डीजे नाय पायजे." त्यांच्याच घरी राहून मी शिकलो होतो, नाही म्हणायला तोंड उघडेना. मांडवात अख्खं गाव नाचायला उभं, आणि टेबलावर माझे ते वीतभर स्पीकर. "वाढव रे!" काका ओरडले. मी वाढवला. "अजून!" बटण शेवटाला टेकलं, गाणं फाटलं, करपल्याचा वास आला आणि दोन्ही स्पीकर गप्प झाले. काकांनी माझ्या शर्टावर हळदीचा पंजा ठेवला, "जाव दे. धाकटीच्या हळदीला मोठे घे." आता धाकटीचं लग्न ठरलंय. पेढे घेऊन काका आज येताहेत, आणि घरातल्या नव्या, तेवढ्याच छोट्या स्पीकरवर मी सकाळपासून चादर टाकून ठेवली आहे.